दादाने केलेली पेटी

गल्लीच्या टोकाला पत्र्याच्या शेडमध्ये वेल्डिंगचं दुकान आणि त्याला चिकटून तीन खोल्यांचं घर, एवढा दादाचा पसारा. दादा हे काही त्याचं नाव नव्हे. धाकटा भाऊ त्याला दादा म्हणे, ते ऐकून गिऱ्हाइकं म्हणू लागली, आणि मग त्याच्या बापाच्या वयाची माणसंही बिनदिक्कत "दादा, आमचं गेट कधी देताय?" असं विचारू लागली. माणूस कष्टाळू, कामाला पक्का, बोलायला कमी. पण लोखंडावर त्याचा एवढा विश्वास, की जगातलं कुठलंही दुखणं दोन अँगल आणि एक पत्रा मारला की बरं होतं अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. घरात चपलांचं कपाट लोखंडी, कपडे वाळत घालायचा घोडा लोखंडी, कुंड्यांचा स्टँड लोखंडी. बायकोच्या शिवणयंत्राची लाकडी फळी तडकली, तर ती काढून तिथेही त्याने पत्राच ठोकला. "उद्या उशीसुद्धा लोखंडाची कराल," असं ती एकदा वैतागून म्हणाली. तो हसला नाही, विचारात पडला.

धाकट्या भावाला सगळे भिंगऱ्या म्हणत. लहानपणी त्याच्या पायाला भिंगरी होती. जेवायला बसला की दोन घासांच्या मध्ये उठून घराला एक फेरी मारून यायचा. शाळेच्या शेवटच्या वर्षांत तो जिन्यावर अडखळायला लागला. घरच्यांना वाटलं, पोरगं धांदरट आहे. डॉक्टरांनी स्नायूंच्या आजाराचं लांबलचक नाव सांगितलं. त्यातलं दादाला एवढंच कळलं की हा आजार बरा होत नाही, पण त्याला घाईही नसते. आधी पाय गेले, मग कंबर, मग खांदे. आईवडील होते तोवर त्यांनी केलं, त्यांच्यामागे दादाने आणि वहिनीने केलं. नाव मात्र भिंगऱ्याच राहिलं. कुणी संकोचून खऱ्या नावाने हाक मारली तर तोच म्हणायचा, "भिंगऱ्याच म्हणा हो. निदान नाव तरी पळू दे."

तिशी ओलांडली तेव्हा त्याच्या ताब्यात उरली होती ती मनगटापुढची बोटं. "बोटं सगळ्यात शेवटी जातात," डॉक्टर म्हणाले होते. "जोवर चालतात तोवर चालवत राहा. बसवून ठेवू नका." दादाने या शब्दांची खूणगाठ बांधली.

बोटं चालवण्यासाठीच घरात कॉम्प्युटर आला, आणि त्याच्यावर गाड्यांच्या शर्यतीचा एक खेळ. खुर्चीत बसलेल्या भिंगऱ्याच्या मांडीवर वहिनी उशी ठेवायची, उशीवर खेळाचा, बटणांचा कंट्रोलर ठेवायची आणि त्याचे हात उचलून कंट्रोलरच्या दोन्ही बाजूंना लावून द्यायची. एवढं झालं की पुढे कुणाची गरज नसे. ज्याला अंगावर बसलेली माशी हाकलता येत नव्हती तो दोन अंगठ्यांनी डोंगरातल्या वळणांवरून अशी गाडी काढायचा की बघणाऱ्याचा श्वास अडकावा. दादा संध्याकाळी दुकान बंद करून शेजारी स्टुलावर बसायचा आणि "अरे वळव! वळव!" म्हणून ओरडायचा. स्वतः खेळायला घेतलं की त्याची गाडी पहिल्याच वळणाला भिंतीत. "वेल्डिंगला घेतलीस का गाडी?" भिंगऱ्या विचारायचा. दिवसभरात हे दोघं भाऊ जे काही हसायचे ते या तासाभरातच. जेवणही भिंगऱ्या स्वतःच्या हाताने जेवायचा. कोपर टेकायला दादाने एक आधार करून दिला होता (लोखंडीच), त्यावर हात ठेवून, मान खाली नेऊन, चमच्याने. अर्धं सांडायचं, वेळ लागायचा, पण जेवायचा तो स्वतः.

तो पहिला कॉम्प्युटर लोखंडाच्या धुळीने मेला. दुकान आणि घर यांत एकच भिंत, आणि ग्राइंडर फिरला की काळी, बारीक भुकटी कुठूनही आत येणारच. दुरुस्तीवाल्याने यंत्र उघडून दाखवलं तेव्हा आत लोखंडाचे कण चमकत होते. "तुमच्या दुकानाने खाल्लं हो याला," तो म्हणाला. दादाला हे फार लागलं. दुधाने तोंड भाजलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं त्याचं झालं. नवा कॉम्प्युटर आला. त्याच्याबरोबर कंट्रोलरही नवा आला, बिनतारी, कारण तारेचं ओझंसुद्धा आता भिंगऱ्याच्या मनगटाला ओढायला लागलं होतं. जुना तारेचा होता तो जुन्या यंत्राबरोबर भंगारात गेला. दुरुस्तीवाला घरी येऊन सगळं जोडून गेला. नखाएवढा रिसीव्हर त्याने कॉम्प्युटरच्या पाठीमागे खोचला आणि म्हणाला, "कंट्रोलर याच्याशी बोलतो. याला हात लावू नका."

आणि दादा पेटीच्या कामाला लागला.

गिऱ्हाइकांची दोन गेटं मागे पडली, पण पेटी झाली. जाड पत्रा, चारही बाजूंनी बंद. पाठीमागे तारांपुरतं भोक, खाली हवेसाठी जाळी, जाळीच्या आत कापडाची गाळणी आणि एक छोटा पंखा. दाराच्या कडेने रबराची पट्टी, म्हणजे धुळीचा कणही आत जायला नको. वर स्क्रीन ठेवायची जागा. रंग निळा, भिंगऱ्याच्या आवडीचा. एखाद्याने मुलीच्या लग्नात कपाट दिलं असतं तर तेही इतक्या जिवाने केलेलं नसतं. कॉम्प्युटर आत बसवला आणि रंगाचा वास जावा म्हणून दार काही दिवस उघडंच ठेवलं. त्या दिवसांत भिंगऱ्या असा खेळला की विचारू नका. वर म्हणायचा, "दादा, तिजोरी केलीस रे. आता आत ठेवायला काहीतरी कमवायला लागेल."

मग त्याला ताप आला. साधाच होता, पण त्याला कुठलाच ताप साधा नसे. आठवडाभर अंथरुणात पडून होता. उठला तेव्हा गाल बसले होते, आवाज बारीक झाला होता. तोवर रंगाचा वास गेला होता आणि दादाने पेटीचं दार लावून टाकलं होतं.

पहिल्याच दिवशी गाडी वळेना. भिंगऱ्या डावीकडे दाबायचा आणि गाडी सरळ जाऊन आदळायची. कधी दाबलेलं उशिरा लागू व्हायचं, कधी व्हायचंच नाही, आणि मध्येच स्क्रीनवर पाटी यायची की कंट्रोलर जोडलेला नाही. "सेल संपले असतील," दादा म्हणाला. नवे घातले. थोडा वेळ बरं चाललं, पुन्हा तेच. मग त्याने दुरुस्तीवाल्याला फोन करून करून एकेक उपाय केला. कॉम्प्युटरच्या यादीतून कंट्रोलर काढून टाकून नव्याने जोडला. बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरलं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. शेजारची फोनची तार, वहिनीचा रेडिओ, जे जे आड येईल असं वाटलं ते ते उचलून दुसऱ्या खोलीत नेलं. रिसीव्हर नवा आणला. हे सगळं करायला तो पेटीचं दार उघडायचा, आत हात घालायचा, मग कंट्रोलर स्वतः हातात घेऊन दाबून बघायचा. आणि दर वेळी सगळं व्यवस्थित चालायचं. मास्तर वर्गात आल्यावर पोरं चिडीचूप होतात, तसं ते यंत्र दादा समोर आला की शहाण्यासारखं वागायचं.

"झालं बघ," तो म्हणायचा, धूळ नको म्हणून दार लावायचा, रबर नीट बसलंय का बघायचा, कंट्रोलर भावाच्या हातात द्यायचा आणि दुकानात जायचा. तो जाऊन वेल्डिंगचा होल्डर उचलतो न उचलतो तोच आतून हाक यायची, "दादा, गेलं."

असं किती वेळा झालं याचा हिशेब कुणी ठेवला नाही. पण एक गोष्ट घरात तिघांनाही दिसत होती आणि तिघंही ती बोलत नव्हती. दादाच्या हातात चालतं. भिंगऱ्याच्या हातात चालत नाही.

शेवटी दादाने आख्खा कॉम्प्युटर पेटीतून काढला, खांद्यावर घेतला आणि कंट्रोलरसकट दुरुस्तीवाल्याच्या दुकानात नेऊन ठेवला. त्या भल्या माणसाने दोन दिवस ते यंत्र तपासलं. टेबलावर ठेवून स्वतः खेळला, येणाऱ्या गिऱ्हाइकांना खेळायला लावलं. एकदाही जोडणी तुटली नाही.

"दादा, यंत्रात दोष नाही," तो म्हणाला. मग जरा घुटमळला. "एक विचारू? घरी खेळतं कोण?"

"धाकटा भाऊ."

"त्यांची तब्येत..." दुरुस्तीवाल्याने त्याला पाहिलेलं होतं. "कसं आहे, हे कंट्रोलर सेल वाचवायला झोपी जातात. बराच वेळ बटण पुरतं दाबलं गेलं नाही, की ते समजतं खेळणारा उठून गेला. मग कॉम्प्युटर म्हणतो, जोडलेला नाही. म्हणजे दाबायला जोर कमी पडत असेल तर..."

पुढचं दादाने विचारलं नाही. तो कॉम्प्युटर खांद्यावर घेऊन निघाला. वाटेत दोनदा थांबला. ओझं काही फार नव्हतं. घरी येऊन त्याने यंत्र पेटीत ठेवलं, तारा जोडल्या, दार लावलं आणि म्हणाला, "एक वायर सैल होती. बसवून दिली त्याने."

भिंगऱ्या खेळायला बसला. दुसऱ्या वळणाला गाडी सरळ गेली. त्याने कंट्रोलरकडे पाहिलं, मग दादाकडे.

"वायर नव्हती ना?"

दादाला खोटं बोलायची सवय नव्हती आणि खरं बोलायची हिंमत नव्हती, म्हणून तो दाराच्या रबरावरची नसलेली धूळ पुसत बसला.

"काढ हा मांडीवरून," भिंगऱ्या म्हणाला. "वर ठेवून दे. आता गेली बोटं."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी झाली. आणि संन्याशानेही मान पुढे केली, हेच तर वाईट. एकदा बोटं गेली असं स्वतःच्या तोंडाने म्हटल्यावर भिंगऱ्याने सगळंच सोडलं. त्याच रात्री जेवताना चमचा हातातून निसटला. असा तो आधीही निसटायचा, पण या वेळी तो म्हणाला, "वहिनी, उगाच सांडतं सगळं. तूच भरव." दादाने पुढे होऊन चमचा उचलला. "मी भरवतो," तो म्हणाला. त्याला वाईट वाटत होतं, पण लपवून काय उपयोग, थोडं बरंही वाटत होतं. काहीच करता येत नाही अशा माणसाला निदान घास तरी भरवता येत होता. त्या दिवसापासून दोन्ही वेळचं तोच भरवू लागला. मायेने, न चुकता, हातातलं काम टाकून. वहिनी एकदा म्हणाली, "अहो, त्यांना जरा करू द्या की हाताने." दादाने तिच्याकडे असं पाहिलं की ती पुन्हा बोलली नाही.

भिंगऱ्याचे हात आता दिवसभर चादरीवर नुसते पडलेले असत. संध्याकाळी दादा स्टुलावर बसायचा तेव्हा दोघांना बोलायला काही नसे. पेटीवर वहिनीने एक कापड घातलं. दुकानाच्या भिंतीपलीकडून इतकी धूळ येई, पण आत कॉम्प्युटर मात्र नव्यासारखा कोरा राहिला.

वर्ष सरत आलं तेव्हा एका गोदामवाल्याने दादाला एक बंद खोली करायला सांगितली. गोदामाच्या कोपऱ्यात पत्र्याची, छताला पत्रा, दाराला पत्रा. काम झालं. भरदुपारी गोदामवाला बघायला आला, कानाला फोन होता. बोलत बोलतच आत शिरला आणि कडी कशी बसते ते बघायला त्याने दार ओढून घेतलं. आतून "हॅलो? हॅलो?" ऐकू आलं. दार उघडून तो बाहेर आला, "हां, आता ऐकू येतंय, बोला," म्हणाला. बोलणं संपल्यावर दादाकडे वळून हसला. "काम मात्र पक्कं केलंत हां दादा! हवा नाही, धूळ नाही, फोनची रेंजसुद्धा आत येत नाही. चारही बाजूंनी पत्रा, येणार कुठून?"

दादाच्या हातात ड्रिल होतं. ते त्याने खाली ठेवलं. गोदामवाला आणखी काहीतरी म्हणत होता, रंगाविषयी. दादा चालू लागला, गोदामाच्या फाटकापर्यंत चालला आणि तिथून पळाला. पन्नाशीचा माणूस, पायात जड बूट, अंगावर कामाचे कपडे. रस्त्यावरची माणसं वळून बघत होती.

घरी भिंगऱ्या खुर्चीत बसला होता, वहिनी शिवत होती. दादाने कुणाशी न बोलता पेटीवरचं कापड ओढून काढलं, दार उघडलं, कॉम्प्युटर चालू केला. कंट्रोलर वरून काढला, नवे सेल घातले आणि खोलीच्या पार पलीकडच्या भिंतीला जाऊन उभा राहिला. गाडी सुरू झाली. डावीकडे दाबलं, डावीकडे वळली. उजवीकडे दाबलं, उजवीकडे.

"दार लाव," तो म्हणाला. वहिनीने लावलं. त्याने डावीकडे दाबलं. गाडी सरळ गेली आणि आदळली.

"उघड."

गाडी वळली.

वहिनीचा हात दारावर तसाच राहिला. तिला कळलं होतं. दादाच्या छातीचा भाता चालला होता, आणि आपण हे सगळं कुणासमोर करतो आहोत हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं. खुर्चीतून भिंगऱ्या बघत होता.

"वहिनी," तो म्हणाला, "पुन्हा एकदा लाव ग."

तिने लावलं. पाटी आली, कंट्रोलर जोडलेला नाही. तिने उघडलं. पाटी गेली.

मग भिंगऱ्या म्हणाला, "आण इकडे."

वहिनीने त्याच्या मांडीवर उशी ठेवली. दादाने कंट्रोलर ठेवला आणि त्याची बोटं एकेक करून जागेवर लावली. किती हलकी झाली होती ती बोटं! पेटीचं दार सताड उघडं होतं. स्क्रीनवर गाड्या रांगेत उभ्या होत्या. दिवा हिरवा झाला आणि बाकीच्या सुसाट गेल्या. भिंगऱ्याचा अंगठा बटणावर होता. अंगठ्याची कातडी थोडी सरकली, बटण खाली गेलं नाही. त्याने ओठ दाबून पुन्हा प्रयत्न केला, मग दुसऱ्या बोटाने, मग दोन्हींनी. एकदा गाडी जराशी हलली. मग नुसतीच उभी राहिली. आणि काही वेळाने, दार उघडं असूनही, स्क्रीनवर पाटी आली की कंट्रोलर जोडलेला नाही. दुरुस्तीवाला म्हणाला होता ते या वेळी मात्र खरं होतं.

"तेव्हा बोटं चालत होती ना रे?" भिंगऱ्याने विचारलं.

"हो."

"म्हणजे जेवायलासुद्धा..."

"हो," दादा म्हणाला आणि त्याच्या खुर्चीपाशी मटकन खाली बसला. "चुकलं रे माझं. ही पेटी मी..." आणि तो रडायला लागला. आईवडील गेले तेव्हा रडला नव्हता, तो गल्लीत ऐकू जाईल असा रडला. "फोडून टाकतो ही पेटी. आत्ता कापतो."

"पेटीचं काय घेऊन बसलास," भिंगऱ्या म्हणाला. "पेटी तू माझ्यासाठीच केलीस, तिचा राग नाही मला." त्याचा आवाज बारीक होता, पण कापत नव्हता. "सेल बदललेस. रिसीव्हर बदललास. वहिनीचा रेडिओ बाहेर काढलास. आख्खं यंत्र खांद्यावर घालून नेलंस. सगळं तपासलंस, दादा. माझी बोटं तेवढी नाही तपासलीस."

दादाला उत्तर माहीत होतं. ते त्याला वर्षभर माहीत होतं.

"भीती वाटली," तो म्हणाला. "दाबून बघ म्हटलं असतं, आणि खरंच गेलेली निघाली असती तर? म्हणून नाही म्हटलं."

"मग आता बघ."

दादाने हात पुढे केला. तळव्याला इतके घट्टे पडलेले, की गरम सळईसुद्धा पटकन कळत नसे. म्हणून त्याने हात उलटा वळवून मनगटाची आतली मऊ बाजू भावाच्या बोटांखाली ठेवली. वहिनी तोंड फिरवून दाराकडे गेली. दादाने डोळे मिटले आणि सगळं ध्यान त्या वीतभर जागेवर आणून तो थांबून राहिला.

"दाब ना," तो म्हणाला.

"केव्हाचा दाबतोय," भिंगऱ्या म्हणाला.